दोन ‘असता’, एकच ‘आब्रीआ’: स्पॅनिशच्या जर-तर वाक्यांतील हटवादी चूक

‘तू मला सांगितले असतेस तर मी आलो असतो’ हे वाक्य स्पॅनिशमध्ये लिहायला दिले, की मराठी विद्यार्थ्यांच्या वहीत हमखास ‘सी मे लो आब्रीआस दीचो, आब्रीआ बेनीदो’ असे उत्तर उमटते, आणि ते चूक असते. असे लिहिणाऱ्याला रूपे येत नसतात, असे मुळीच नाही. मध्यंतरी माझ्याकडे शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीची वही मी तपासत होतो. पानावर अकरा जर-तर वाक्ये होती, सहायक क्रियापदाची सहाही रूपे तिला घडाघडा येत होती, ‘एचो’, ‘पुएस्तो’, ‘बुएल्तो’ ही अनियमित धातुसाधिते एकाही ठिकाणी चुकली नव्हती, आणि तरीही अकरापैकी नऊ वाक्यांवर लाल शाई लागली. नऊही चुका वाक्याच्या एकाच अर्ध्या भागात होत्या. तक्ता आणखी दहा वेळा गिरवून ही चूक जात नाही, कारण तिचे मूळ तक्त्यात नाही. ते आपल्या ‘असता’मध्ये आहे.

पुढे स्पॅनिश शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. स्पॅनिशमध्ये ‘एच’ हे अक्षर मुके असते, ‘व्ही’चा उच्चार ‘ब’ होतो, ‘जे’चा ‘ख’च्या जवळ जातो आणि जोड ‘एल’ बहुतेक प्रदेशांत ‘य’सारखा ऐकू येतो. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुस्तकातील रूपे ओळखायला अडचण पडणार नाही.

रूप कसे बनते

‘आब्रीआ बेनीदो’सारख्या रूपांच्या या काळाला स्पॅनिशमध्ये ‘कोन्दिसिओनाल कोम्पुएस्तो’ म्हणतात. जुन्या पुस्तकांत ‘पोतेन्सिआल कोम्पुएस्तो’ असेही नाव आढळते. ‘आबेर’ या सहायक क्रियापदाची आब्रीआ, आब्रीआस, आब्रीआ, आब्रीआमोस, आब्रीआइस, आब्रीआन ही रूपे घ्यायची आणि त्यांच्यापुढे मुख्य क्रियापदाचे भूतकालवाचक धातुसाधित ठेवायचे: आब्लादो, कोमीदो, बिबीदो. दीचो, एचो, बीस्तो, एस्क्रीतो, पुएस्तो, बुएल्तो, आबिएर्तो, रोतो, मुएर्तो ही नेहमी लागणारी अनियमित धातुसाधिते पाठच केलेली बरी. रूपाबद्दल सांगण्यासारखे एवढेच आहे. लिहिताना मात्र ‘री’मधील ईकारावरचे आघातचिन्ह विसरू नये, कारण सहाही रूपांत ते लागते आणि ते नसेल तर आघात ईकारावरून सरकून शब्दाचा उच्चारच बदलतो. श्रुतलेखनात आणखी एक घोटाळा होतो. ‘उघडत होतो’ या अर्थाचे ‘आब्रीआ’ आणि आपले सहायक ‘आब्रीआ’ कानाला अगदी सारखे लागतात. फरक असतो तो फक्त सुरुवातीच्या मुक्या ‘एच’चा, जो देवनागरीत लिहिताही येत नाही. ‘हाब्रीआ’ असा उच्चार करून तो दाखवण्याचा मोह मात्र टाळावा.

मूळ दोष

शाळेत संकेतार्थ शिकताना आपण सर्वांनी ‘पाऊस पडला असता तर पीक चांगले आले असते’ अशा धर्तीचे वाक्य गिरवलेले आहे. त्याकडे स्पॅनिशच्या नजरेने एकदा पाहावे. ‘पडला असता’ ही अट आहे आणि ‘आले असते’ हा परिणाम आहे, पण मराठी दोन्हीकडे एकच साचा वापरते: धातुसाधित आणि त्यापुढे ‘असता’. अट कोणती आणि परिणाम कोणता, हे क्रियापदाच्या रूपावरून कळत नाही. ते मधला ‘तर’ सांगतो. स्पॅनिशने हे काम दोन वेगळ्या रूपांकडे सोपवले आहे. अटीच्या बाजूला ‘आबेर’चेच ‘उबिएरा’ हे रूप येते, म्हणजे ‘प्लुस्कुआम्पेर्फेक्तो दे सुब्खुन्तीबो’ नावाचा काळ, आणि परिणामाच्या बाजूला ‘आब्रीआ’ येते. म्हणून ते वाक्य ‘सी उबिएरा योबीदो, ला कोसेचा आब्रीआ सीदो बुएना’ असे होते. आपला एक संकेतार्थ तेथे दोन घरांत वाटला गेला आहे, आणि मराठी मन मात्र दोन्ही घरांना एकच किल्ली लावत राहते.

यावर माझ्या विद्यार्थ्यांना लागू पडलेला उपाय साधा आहे. भाषांतराला हात घालण्यापूर्वी मराठी वाक्य कागदावर लिहावे, ‘तर’ शोधावा आणि त्याच्या उजवीकडे पेन्सिलीने एक उभी रेघ मारावी. ‘तर’ ज्या क्रियापदाच्या शेपटीला चिकटला आहे ते ‘उबिएरा’ घेणार आणि रेघेपलीकडचे क्रियापद ‘आब्रीआ’ घेणार. ‘जर’ शोधत बसू नये, कारण बोलताना आपण तो बहुतेक वेळा गाळतो. ‘तर’ सहसा गळत नाही. स्पॅनिशचा ‘सी’ अटीच्या डोक्यावर बसतो आणि आपला ‘तर’ अटीच्या शेवटी, त्यामुळे नजर उजवीकडून डावीकडे वळवण्याची सवय लावून घ्यावी लागते. वर दिलेले वाक्य या पद्धतीने दुरुस्त केले, की ‘तू मला सांगितले असतेस तर’ या भागाचे ‘सी मे लो उबिएरास दीचो’ होते, ‘मी आलो असतो’ याचे ‘आब्रीआ बेनीदो’ होते, आणि आपली वाक्याची दुसरी बाजू पहिल्यापासून बरोबरच होती हेही दिसते.

वाक्य उलटे असले तरी रेघ फसत नाही. ‘आलो असतो की, सांगितले असतेस तर!’ यातही ‘तर’ ‘सांगितले असतेस’लाच चिकटलेला आहे. ‘तरी’लाही हाच नियम लागू होतो: ‘पाऊस पडला असता तरी मी गेलो असतो’ म्हणजे ‘आउन्के उबिएरा योबीदो, आब्रीआ ईदो’. परिणाम मनातच ठेवून नुसते ‘तू आला असतास तर!’ असे हळहळून म्हटले, तर स्पॅनिशमध्ये ‘ओखाला उबिएरास बेनीदो’ येते. ‘तर’ आहे म्हणून ‘उबिएरास’, आणि परिणाम उच्चारलेलाच नाही म्हणून ‘आब्रीआ’ला जागा नाही. ‘नाहीतर’ हा शब्द मात्र स्वतःच पूर्ण अट असतो, त्यामुळे त्याच्या पलीकडचे सारे परिणामात मोडते: ‘बरे झाले सांगितलेस, नाहीतर मी गेलो नसतो’ याचे ‘मेनोस माल के मे लो दिखीस्ते, सी नो, नो आब्रीआ ईदो’ असे होईल. ‘फोन केला तर कोणी उचललाच नाही’ यातला ‘तर’ अटीचा नव्हे. तेथे ‘असता’ नाही, म्हणून तेथे रेघही नको.

‘सी’नंतर ‘आब्रीआ’ कधीच येत नाही, असा सरसकट नियम काही जण शिकवतात. तो सोयीचा असला तरी पूर्ण खरा नाही. ‘तो आला असता की नाही, मला माहीत नाही’ या वाक्याचे ‘नो से सी आब्रीआ बेनीदो’ हे भाषांतर निर्दोष आहे, कारण येथला ‘सी’ अटीचा नसून शंकेचा आहे. आपल्या भाषेत हा भेद आयताच दिसतो: जेथे मराठीत ‘की नाही’ बसते तेथे ‘आब्रीआ’ चालते, आणि जेथे ‘तर’ बसतो तेथे चालत नाही. ही एक बाब अशी आहे की तिथे इंग्रजीतून स्पॅनिश शिकणाऱ्यापेक्षा मराठीतून शिकणारा अधिक सुरक्षित असतो, पण त्यासाठी त्याने मराठीकडे पाहिले पाहिजे.

परिणामाच्या बाजूला ‘आब्रीआ’ऐवजी ‘उबिएरा’ वापरलेले वाचकांना जागोजागी भेटेल: ‘सी लो उबिएरा साबीदो, उबिएरा बेनीदो’. हे शुद्ध आहे. ‘उबिएरा’चे ‘रा’ वळणाचे रूप लॅटिनमधील एका निश्चयार्थी भूतकाळातून आलेले असल्यामुळे परिणामाच्या बाजूला बसण्याचा त्याचा हक्क जुना आहे. म्हणजे दोन्हीकडे एकच साचा हवा असा आपला आग्रहच असेल, तर तो ‘उबिएरा’ने पुरवता येतो, ‘आब्रीआ’ने मात्र नाही. शिकण्याच्या काळात दोन्ही रूपे वेगळी ठेवावीत, असे माझे मत आहे, कारण ही सवलत एकदा हाती आली की विद्यार्थी ‘आब्रीआ’ वापरणेच सोडून देतात. स्पेनच्या उत्तरेस, बास्क प्रदेशात आणि त्याच्या आसपासच्या भागांत, मूळ स्पॅनिशभाषक ‘सी तेन्द्रीआ’, ‘सी आब्रीआ’ असे सहज बोलतात. तेथे राहून आलेला विद्यार्थी आपली चूक त्या आधारावर समर्थनीय मानू लागतो. परंतु प्रमाण लेखनात आणि परीक्षेत ती चूकच धरली जाते.

‘आज असती’ आणि ‘मिळाली असती’

रेघ मारल्यानंतरही एक प्रश्न उरतो. ‘अभ्यास केला असता तर आज मला नोकरी असती’ यात रेघेपलीकडे धातुसाधित नाही, नुसते ‘असती’ आहे. अशा वेळी स्पॅनिशमध्येही संयुक्त रूप न घेता साधे रूप घ्यावे: ‘सी उबिएरा एस्तुदिआदो, आओरा तेन्द्रीआ त्राबाखो’. याउलट ‘तेव्हा नोकरी मिळाली असती’ असे म्हटले तर ‘आब्रीआ एन्कोन्त्रादो त्राबाखो’. मराठीत ‘असता’च्या मागे ‘ला-ली-ले’चे रूप दिसले तरच ‘आब्रीआ’ काढावे, एवढी खूण पुरेशी आहे.

‘आली असती’चा मोह

मराठीत धातुसाधित लिंग-वचनाप्रमाणे बदलते: तो आला असता, ती आली असती, ते आले असते. सकर्मक क्रियापदाचे तर कर्त्याशी नव्हे, कर्माशी जुळते: ‘त्याने चिठ्ठी लिहिली असती’. कान असा तयार झालेला असल्यामुळे ‘एया आब्रीआ बेनीदा’ किंवा ‘आब्रीआ एस्क्रीता ला कार्ता’ अशी वाक्ये लिहिली जातात. ‘आबेर’च्या पुढचे धातुसाधित मात्र दगडासारखे एकाच रूपात राहते: ‘एया आब्रीआ बेनीदो’, ‘आब्रीआ एस्क्रीतो ला कार्ता’. जे काही बदलायचे ते सहायकाने. कर्मणी प्रयोगात मध्ये ‘सीदो’ आले, की त्याच्या पुढचे धातुसाधित पुन्हा जुळते, ‘ला कार्ता आब्रीआ सीदो एस्क्रीता’. येथेही ‘आबेर’ला लागून असलेले ‘सीदो’ हलत नाही, हे पाहण्यासारखे आहे.

सहायक निवडतानाही आपला ‘असणे’ आड येतो. तो मराठीत सहायक आहे आणि स्वतंत्र क्रियापदही आहे, म्हणून कोणी ‘सेरीआ बेनीदो’ लिहितो. शाळा-कॉलेजात आधी फ्रेंच शिकलेले तर हे हटकून करतात, कारण फ्रेंचमध्ये जाण्या-येण्याच्या क्रियापदांना ‘असणे’ हाच सहायक लागतो. गोव्यात पोर्तुगीज येणाऱ्यांची चूक निराळ्या तऱ्हेची असते: पोर्तुगीजमध्ये हे काम ‘तेर’ करतो, म्हणून ते ‘तेन्द्रीआ आब्लादो’ लिहितात. स्पॅनिशमध्ये मात्र सर्व क्रियापदांना ‘आबेर’ हा एकच सहायक चालतो.

नकार आणि सर्वनाम यांची जागा याच ओघात पाहून घ्यावी. मराठीत नकार सहायकातच विरघळतो, ‘आलो नसतो’, आणि मध्ये ‘च’, ‘ही’, ‘सुद्धा’ खुशाल शिरतात. स्पॅनिशमध्ये लिहिताना ‘आबेर’ आणि धातुसाधित यांच्यामध्ये काहीही घालू नये. ‘नो आब्रीआ बेनीदो’, ‘नुन्का आब्रीआ बेनीदो’, ‘ते लो आब्रीआ दीचो’ या क्रमाने सारे सहायकाच्या आधी रचावे. ‘आब्रीआ नो बेनीदो’ किंवा ‘आब्रीआ दीचोतेलो’ हे चालत नाही.

‘मला आवडले असते’ या वळणाच्या वाक्यांत मराठी आपल्या मदतीला येते. ‘मला ते चित्रपट आवडले असते’ यात क्रियापद चित्रपटांशी जुळते, आणि ‘मे आब्रीआन गुस्तादो एसास पेलीकुलास’ यातही सहायक चित्रपटांशीच जुळतो. पण ‘अडचणी आल्या असत्या’ याचे भाषांतर करताना हीच सवय फसवते. ‘असणे’, ‘उद्भवणे’ या अर्थाचा ‘आबेर’ प्रमाण भाषेत एकवचनीच राहतो, म्हणून ‘आब्रीआ आबीदो प्रोब्लेमास’ असे लिहावे. ‘आब्रीआन आबीदो’ बोलण्यात पुष्कळ ऐकू येते, पण लिहू नये.

जेथे मराठीत ‘असता’ नाही, तेथेही ‘आब्रीआ’

ही बाजू पाठ्यपुस्तकांत सहसा दोन ओळींत उरकली जाते, आणि दुसऱ्या टप्प्यावर विद्यार्थी अडतात ते येथेच. ‘आठपर्यंत काम संपलेले असेल, असे तो म्हणाला’ हे वाक्य घ्या. मराठीत सांगणाऱ्याचे शब्द आपण जवळजवळ जसेच्या तसे ठेवतो. तो ‘असेल’ म्हणाला, म्हणून आपणही ‘असेल’च लिहितो. स्पॅनिशमध्ये ‘तो म्हणाला’ हे भूतकाळी क्रियापद आतल्या वाक्यालाही मागे खेचते, त्यामुळे ‘आब्रा तेर्मिनादो’ न लिहिता ‘दीखो के पारा लास ओचो आब्रीआ तेर्मिनादो’ असे लिहावे लागते. येथे कोणतीही अट नाही आणि काही हुकलेलेही नाही. काम आठच्या आत खरोखर संपले असेलही. आन्द्रेस बेयो यांनी 1847 साली चिलीमध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या व्याकरणात या काळाला ‘आन्तेपोस्प्रेतेरितो’ असे नाव दिले. भूतकाळातील एका क्षणानंतरचा क्षण, आणि त्याच्याही आधी पूर्ण झालेली क्रिया, असा त्याचा फोड करून अर्थ होतो. नाव अवजड आहे खरे, पण वरच्या वाक्यावर मांडून पाहावे: ‘तो म्हणाला’ हा भूतकाळ, ‘आठ वाजणे’ हे त्यानंतरचे, आणि ‘संपणे’ हे आठच्या आधीचे. ‘कोन्दिसिओनाल’ या नावाने ज्यांचा प्रत्येक ठिकाणी अट शोधण्याचा हट्ट झाला आहे, त्यांनी बेयो यांचे नाव वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवावे.

दुसरे ठिकाण तर्काचे. ‘दहा वाजता फोन केला, कोणी उचलला नाही; ते बाहेर गेले असावेत’ यातील शेवटचा भाग स्पॅनिशमध्ये ‘आब्रीआन सालीदो’ होतो. तर्क आत्ताच्या स्थितीविषयी असेल, म्हणजे ‘फोन उचलत नाहीत, बाहेर गेले असतील’, तर ‘आब्रान सालीदो’. म्हणजे त्या वेळी ते आधीच गेलेले असणे हा तर्क असला की ‘आब्रीआन’, आणि आत्तापर्यंत गेलेले असणे हा तर्क असला की ‘आब्रान’. आपले ‘असावेत’ आणि ‘असतील’ यांत हा भेद पक्का नाही, आपण दोन्हीकडे दोन्ही वापरतो. त्यामुळे रूप न पाहता वेळ पाहून ठरवावे.

तिसरे ठिकाण वर्तमानपत्राचे. लॅटिन अमेरिकेतील बातम्यांत ‘एल मिनीस्त्रो आब्रीआ प्रेसेन्तादो सु रेनुन्सिआ’ असे वाक्य आले, की मराठी वाचक ‘मंत्र्यांनी राजीनामा दिला असता’ असे समजतो आणि पुढच्या ‘पण’ची वाट पाहत बसतो. तो ‘पण’ येत नाही, कारण वाक्याचा अर्थ ‘मंत्र्यांनी राजीनामा दिल्याचे समजते’ असा आहे. खात्री नसलेल्या वृत्ताची जबाबदारी झटकण्याची ही रीत आपल्या ‘समजते’, ‘कळते’ यांची जुळी बहीण म्हणावी अशी आहे. भाषेच्या बाबतीत काटेकोर असणारे लोक तिच्यावर नाराज असतात. वाचताना ती ओळखावी, लिहिताना वापरू नये.

‘तू मला सांगायला हवे होतेस’ यातही ‘असता’ नाही, तरी स्पॅनिशमध्ये ‘तेन्द्रीआस के आबेर्मेलो दीचो’ असे म्हणता येते. येथे कोन्दिसिओनालचे रूप ‘हवे’कडे जाते आणि पूर्णता ‘आबेर’कडे. ‘येऊ शकलो असतो’साठी ‘आब्रीआ पोदीदो बेनीर’ आणि ‘पोद्रीआ आबेर बेनीदो’ असे दोन्ही मार्ग खुले आहेत. उलट बाजूला, ‘त्याला विचारले असता त्याने नकार दिला’ यातला बातमीतला ‘असता’ दिसायला आपलाच, पण त्याचा संकेतार्थाशी संबंध नाही. तेथे ‘आल प्रेगुन्तार्ले, से नेगो’ असे साधे वाक्य करावे.

त्या विद्यार्थिनीने तीच अकरा वाक्ये पेन्सिलीच्या रेघा मारून पुन्हा लिहून आणली, तेव्हा नवापैकी आठ सुधारली होती. उरलेले वाक्य होते ‘भूत पाहिले असावे तसा तो पळत सुटला’. त्यात ‘तर’ नाही, रेघ मारायला जागा नाही, आणि ‘असावे’ समोर दिसते, म्हणून तिने तर्काचा नियम लावून ‘कोमो सी आब्रीआ बीस्तो’ लिहिले होते. तिचा विचार योग्य दिशेने चालला होता, पण ‘कोमो सी’ म्हणजे ‘जणू’, आणि ‘जणू’च्या पोटात एक न उच्चारलेली अट दडलेली असते: भूत पाहिले असते तर तो जसा पळाला असता, तसा. ती अट उघडी करून तिच्या वहीत मी ‘तर’ लिहिला, त्याच्या पुढे रेघ मारली, आणि खालचे वाक्य तिनेच दुरुस्त केले: ‘सालिओ कोरिएन्दो कोमो सी उबिएरा बीस्तो उन फान्तास्मा’.